सगळ्यांना एकाच पातेल्यातलं

बुटांच्या त्या कारखान्यात वर्षातून एकदा यंत्रं उघडून साफ करत. त्यासाठी आठवडाभर काम बंद. कारखाना बंद म्हणजे कॅन्टीन बंद, आणि कॅन्टीन बंद म्हणजे काकूंना सुट्टी. उभ्या नोकरीत हक्काची म्हणावी अशी सुट्टी तेवढीच, म्हणून घरच्यांनीच आपापली सवड तिच्याशी जुळवून घेतली. मुलगा, लेक, नणंद, सगळे त्या आठवड्यात काकूंकडे राहायला यायचे. पुढे काकू निवृत्त झाल्या. यंत्रं आता कोण साफ करतं, कधी करतं, त्यांना पत्ताही नव्हता. पण घरात 'बंदचा आठवडा' चालूच राहिला. नाव बंदचा, आणि शेगडीला मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही!

'काकू' हे नावही कारखान्यातलंच. ताटं घासायला म्हणून त्या लागल्या, तेव्हा त्यांच्याहून वयाने मोठे कामगारही त्यांना काकू म्हणायला लागले, कारण कुणी अन्न टाकलं की त्या घरातल्या काकूसारख्या डोळे वटारायच्या. हळूहळू त्या भाजीच्या पातेल्यापाशी आल्या, मग भाताच्या, आणि शेवटी अख्खं कॅन्टीन त्यांच्या शब्दावर चालायला लागलं. मुख्य झाल्यावरही एक सवय त्यांनी सोडली नाही. जेवणं चालू असताना त्या वाढण्याच्या खिडकीशी नाही, उष्टी ताटं जिथं परत येतात त्या खिडकीशी उभ्या राहायच्या.

"तोंडावर काय, सगळेच छान म्हणतात," त्या नव्या बायकांना सांगायच्या. "ताटात काय उरलंय ते बघ. तिथं खरं कळतं."

त्यामुळे माणसाचं नाव विसरलं तरी तो दोडका खात नाही हे काकू विसरत नसत. घरच्या माणसांचं तर विचारूच नका. मुलगा दाढीमिशीचा बाप्या झाला, तरी कांद्याचा मोठा तुकडा दिसला की ताटाच्या कडेला ठेवायचा. लेकीने मासमच्छी सोडली होती. नणंदेला, म्हणजे वन्संना, नुकतीच कवळी बसली होती. त्यांना मऊ लागे, पण "मला म्हातारीला वेगळं नको हो" हेही त्याच म्हणत. एवढ्यांना एका वेळी बसवून सगळ्यांना पोटभर घालायचं, आणि आठवड्यात एक पदार्थ पुन्हा येऊ द्यायचा नाही, हा काकूंचा पण होता. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

त्या वर्षी आठवडा तोंडावर आला असताना मुलाचा फोन आला.

"आई, यंदा आम्ही येत नाही."

"का रे? काय झालं?"

काय झालं ते सांगायला त्याने बराच वेळ घेतला. त्याची मुलगी, गोटी, दोन-तीन महिन्यांपासून खंगत चालली होती. बाळपणी गोटीसारखी गोल होती म्हणून ते नाव, आणि आता फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. एक कण गेला तरी आतून सुजतं. औषध नाही, गोळी नाही. गहू जन्मभर सोडायचा, एवढाच उपाय.

"मग सोडू की," काकू म्हणाल्या.

"तुला वाटतं तेवढं सोपं नाही गं. परवा एका वाढदिवसाला गेलो होतो. सगळी पोरं एका टेबलाशी बसली, आणि हिच्यापुढे हिचा डबा. परत येताना गाडीत रडून रडून झोपली. तुझ्याकडे अख्खा आठवडा तेच होणार. ती डबा घेऊन बसणार आणि आम्ही तिच्यासमोर ब्रेड मोडणार. नको, आई."

काकूंचा तो कॅन्टीनमधला आवाज आला.

"वेगळा डबा कुणी देऊन तर बघू दे! माझ्या घरात सगळ्यांना एकाच पातेल्यातलं मिळतं. या आठवड्यात गव्हाचा कणसुद्धा घरात राहणार नाही. तू खुशाल ये."

"आणि बाकीच्यांनी काय खायचं?"

"मी वाढेन ते!"

फोन ठेवला आणि वळल्या, तर काका दारात. काकांचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. बारीक कामाची सवय असलेला माणूस, बोलणंही तसंच बारीक.

"म्हणजे ब्रेड नाही," ते म्हणाले.

"नाही."

"शेवया?"

"नाही."

"केक?"

"अहो, केक होईल. बदामाचा करीन."

"मग माझी काही हरकत नाही," काका म्हणाले, आणि बाह्या सरसावून कामाला लागले.

ती साफसफाई गल्लीने बघितली. कणकेचा डबा, रवा, शेवया, पावाचा चुरा, सगळं शेजारणीकडे गेलं. ती म्हणाली, "काकू, घर सोडून चाललात की काय?" लाकडी पोळपाटाच्या आणि पळ्यांच्या चिरांत जुनं पीठ बसलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. म्हणून तीही तिच्याकडेच गेली. चाळण्या नव्या आल्या. फडताळातले कागद बदलले, खणांचे कोपरे जुन्या दात घासायच्या ब्रशने घासले. काकांनी दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि ओव्हनच्या दाराच्या फटीतले कण चिमट्याने वेचून काढले. फ्रीजमागे बॅटरी मारून ते ओरडले, "अगं, इथं एक टोस्टचा तुकडा आहे! याला पेन्शन द्यायला हवी, एवढा जुना आहे."

हसता हसता काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण डोक्यात चक्र फिरतच होतं. मटार सोलताना, कपडे वाळत घालताना त्या पुटपुटत जुळवत होत्या. बटाट्याचे पातळ काप थराथराने लावून ओव्हनमध्ये टाकले की वन्संना मऊ आणि मुलाला आवडीचं. पण मग दुसऱ्या दिवशी बटाटा दिसता कामा नये. ढोबळ्या मिरच्या भाताने भरायच्या, निम्म्या खिम्याच्या, निम्म्या लेकीसाठी मुगाच्या. वरून सगळ्या सारख्याच दिसतील, फक्त तिच्या मिरच्यांना देठ ठेवायचे. लिंबाच्या रसातला मासा ठेवायचा, त्या दिवशी लेकीला आणि हवं त्याला भोपळ्याचे वाफवलेले गोळे. सकाळी अंडी, पण रोज तीच अंडी नकोत. तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी एका दिवशी, मक्याच्या पिठाची खरपूस वडी एका दिवशी. सूप दाट करायला पीठ नको, मसूर शिजवून घोटायचे. कांदा घालायचा, पण असा वितळवायचा की मुलाच्या बापालाही सापडू नये.

"मुलाचा बाप मीच आहे," काका म्हणाले.

"मग गप्प बसा आणि मटार सोला."

एकच घोडं अडलं होतं, ते जावयाचं. लेकीचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि जावई पहिल्यांदाच आठवडाभर राहायला येणार होते. काकूंनी लेकीला फोन करून विचारलं, "त्यांना काय आवडतं गं?" तर लेक म्हणाली, "त्यांना काहीही चालतं." काकूंनी कपाळावर हात मारला. न खाणारा परवडला. काहीही चालणाऱ्याचं करायचं काय?

मंडळी आली. गोटीने पिशवीतून स्वतःचा डबा, स्वतःचा चमचा काढला आणि विचारलं, "आजी, हे कुठं ठेवू? माझं वेगळं असतं."

"इथं कुणाचंच वेगळं नसतं," काकू म्हणाल्या. "डबा वर ठेवून दे. जाताना त्यात केक भरून देते."

गोटीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. मग पोरीने टेबलावरचं एकेक भांडं बोट दाखवून विचारलं. हे चालतं? हे? आणि हेपण? शेवटच्या भांड्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा आवाज चढला होता. पहिल्या दिवशी तिने बटाट्याचे थर तीनदा घेतले, ते भूक होती म्हणून नव्हे. घेता येतात म्हणून घेतले. मुलगा ताटावर वाकून जेवत होता, वर बघत नव्हता. त्याच्या नाकाचा शेंडा लाल झालेला काकूंनी बघितला आणि त्याला आणखी वाढलं.

जावई मात्र काही सापडेनात. उष्ट्या ताटाची काकूंची विद्या त्यांच्यापुढे फुकट गेली, कारण ते ताट चाटूनपुसून लख्ख करत. वाढाल ते संपवत, "छान झालंय, आई" म्हणत, आणि पहिले दोन्ही दिवस अगदी त्याच सुरात म्हणाले. काकूंनी मग ताट सोडलं आणि माणसाकडे बघायला लागल्या. तेव्हा दिसलं की भोपळ्याचे गोळे ते सर्वांत आधी, औषध घेतल्यासारखे, वर पाणी पिऊन संपवतात. म्हणजे भोपळा नको. बरं, हवं काय?

ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. सगळे आडवे झाले होते. काकू पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तर जावई ओट्याशी पाठमोरे उभे. हातात भाताचं रिकामं पातेलं, आणि तळाला लागलेली खरपूस खरवड चमच्याने काढून खाताहेत.

"अहो, असं काय? ताटात वाढते की!"

जावयांच्या हातून चमचा पडता पडता राहिला. "नाही, म्हणजे... आमच्या घरी आम्ही खूप भावंडं. मी सर्वांत धाकटा. माझ्यापर्यंत येईतो पातेल्यात हेच उरायचं. आता दुसरं कितीही मिळालं तरी जीव यातच."

"मग बोलायचं नाही का, जावईबापू?"

"करपलेलं वाढा असं सासूबाईंना कसं सांगायचं?"

काकू खुदकन हसल्या. त्या रात्रीपासून भात मुद्दाम थोडा जास्त वेळ शेगडीवर राहू लागला, आणि खरवड वेगळ्या बशीत टेबलाच्या मधोमध येऊ लागली. ती बघून काकाही मागायला लागले, आणि जावयांना पहिल्यांदा कुणाशी तरी झटापट करून खावं लागलं. ते फार खूश दिसले.

सगळं असं रंगात आलेलं असताना चौथ्या दिवशी गोटी पोट धरून बसली.

सकाळचं दूध पिऊन झाल्यावर तासाभरात सुरू झालं. आधी नुसती कुरबुर, मग ओकारी, मग पांढरीफटक पडली. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाणी पाजत राहा, विश्रांती द्या, उतरेल, पण पोटात गहू गेलाय. मुलाचा चेहरा बघवेना. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तू तुझ्याकडून केलंस गं," तो म्हणाला. "पण हे असंच असतं. कुठंतरी राहतंच. तिला बरं वाटलं की आम्ही निघतो."

वन्सं खुर्चीतून म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या घरात कुठंकुठं लक्ष ठेवणार माणूस? मी आधीच म्हटलं होतं, झेपायचं नाही."

काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि एकेक डबा उघडायला घेतला. कण राहणं शक्य नव्हतं. कारखान्यात शेकडो माणसं त्यांच्या हातचं जेवली, एकाला कधी बाधलं नाही. मसाले त्यांनी स्वतः कुटले होते. तांदळाचं पीठ समोर दळून घेतलं होतं. दुधाचं पातेलं, गोटीचा पेला, गाळणं, सगळं बघून झालं. दुधात काय घातलं होतं? साखर.

त्यांनी साखरेचा डबा खिडकीशी नेला. साखरेत चमचा खुपसलेला होता, आणि चमच्याला, आणि त्याच्याभोवतीच्या साखरेला, भिजून सुकलेले तांबूस कण चिकटले होते. काकूंनी एक बोटावर घेऊन चुरडला. बिस्कीट.

घरात सकाळी सगळ्यांच्या आधी उठून स्वतःचा चहा स्वतः करणारी व्यक्ती एकच होती.

त्या तशाच वन्संच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. डबा समोर धरला. वन्संनी डब्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"मी नाही हो काही..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. उशीशेजारच्या पिशवीतून पुड्याचा चकचकीत कागद बाहेर डोकावत होता. "तुला काय जातंय बोलायला? कवळी टोचते मला. सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट सोडून काही गिळवत नाही. आणि सगळ्यांसमोर मागू? म्हातारीचे लाड म्हणतील. चहातून तुकडा काढल्यावर चमचा पुसला होता मी."

काकूंच्या ओठांवर पुष्कळ आलं होतं. लग्न होऊन आल्यापासून याच वन्संनी त्यांच्या आमटीतल्या मिठापासून हातातल्या घाईपर्यंत सगळ्यात खोट काढली होती. आज बाहेर जाऊन डबा सगळ्यांपुढे ठेवला असता तर सगळं एकदम फिटलं असतं. पण पिशवी झाकायला पुढे केलेला वन्संचा हात तसाच अर्ध्यात राहिला होता.

"कवळी टोचते हे मला का नाही सांगितलंत?" काकू म्हणाल्या. "माणसाला काय चाववत नाही, हे मला कळू नये? मग मी एवढी वर्षं काय केलं?"

त्या बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "साखरेतून गेलं. डबा फेकलाय, नवीन काढलाय. माझ्या स्वयंपाकघरातून गेलं, तेव्हा जबाबदारी माझी. जायचं असेल तर जा. पण आज पोरीला पडू दे."

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं, ते काकांनाच समजलं. त्यांनी चमचे उकळायला ठेवले.

दुपारी गोटी झोपली होती आणि काकू बदाम कुटत होत्या. बदामाचा कूट, तांदळाचं पीठ, लोणी, साखर, थोडं अंडं. पहिली बिस्किटं दगड झाली. दुसरी चहात घालताच विरघळून तळाला गेली. तिसऱ्या खेपेला थोडं मक्याचं पीठ टाकलं, जरा पातळ थापली. ओव्हनमधून काढून गार केली, चहात बुडवली, आणि तोंडात टाकून नुसत्या जिभेने दाबून बघितली. दात लावावा लागला नाही. काकूंनी मान डोलावली आणि संध्याकाळच्या चहाला बशी भरून टेबलावर आणली.

"हे सगळ्यांसाठी," त्या म्हणाल्या. गोटी उठून बसली होती, रंग जरा परतला होता. तिने विचारलं, "मलापण?"

"तुला आधी."

वन्संनी एक उचललं. चहात बुडवलं. खाल्लं. दुसरं उचललं, आणि ते हातातच राहिलं.

"आज सकाळी साखरेत गेलं ते माझं बिस्कीट होतं," त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. "मी चोरून खात होते. हिला तेव्हाच कळलं होतं, पण हिने तुम्हाला माझं नाव सांगितलं नाही." मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू रे! तुझी आई म्हणे कुठंतरी कमी पडली! मी इतकी वर्षं हिच्या स्वयंपाकात खोट शोधतेय, मला सापडली नाही, तुला कुठून सापडणार? खबरदार आजच्या आज निघालास तर."

गोटीने सरळ विचारलं, "आजी, मी आत्याआजीला एक देऊ? तिचं चहात पडलं."

खरंच पडलं होतं. सगळे हसले, वन्संही हसल्या, आणि हसताना कवळी सावरायला त्यांना तोंडावर हात घ्यावा लागला. मुलगा उठून काकूंच्या मागे आला, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि लहानपणी म्हणायचा तसं म्हणाला, "चुकलो." काकूंनी हात मागे नेऊन त्याच्या डोक्यावर टपली मारली. पिशवीतला पुडा वन्संनी स्वतः नेऊन शेजारणीला दिला.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलंही नाही. गोटी दोन दिवसांत अंगणात उड्या मारायला लागली. टोमॅटोत भरलेला भात झाला, कोंबडी भाजून झाली, लेकीसाठी वांगी जाळावर भाजून झाली आणि ती कोंबडीवाल्यांनीच आधी संपवली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी जाहीर केलं, "उद्याचं जेवण तुम्ही ठरवा. आठवड्यात झालेलं काहीही एक मागा. यंदा एकदाच माझा नेम मोडते."

हे बोलून त्या फसल्या. लेक म्हणे, भरलेल्या मिरच्या. मुलगा म्हणे, बटाट्याचे थर, आणि कांदा अजिबात नसलेलं ते दाट सूप. त्या सुपात दोन मोठे कांदे वितळलेले होते हे काकूंनी सांगितलं नाही. गोटी केक म्हणून बसली. जावई, ज्यांना काहीही चालायचं, ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाही, मासा! आणि भोपळा नको, स्पष्ट सांगतो." काका कुणाच्याही बाजूने बोलत होते. वन्सं सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "टोमॅटो करा, पण त्या दिवशी मीठ कमी होतं हं."

काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मीठ कमी होतं, हे खरंच होतं, त्यांनाही जेवताना जाणवलं होतं. आवाज वाढत चालले होते, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि आठवडाभर ब्रेड मिळाला नाही हे एकाच्याही लक्षात नव्हतं. काकूंची मान ताठ झाली होती. त्यांनी पदर खोचला.

"भांडा तुम्ही सावकाश," त्या म्हणाल्या. "मी सगळंच करते."